अंगठेबहाद्दर

माझ्या नवऱ्याने आयुष्यात एकदाही फुटबॉलला पाय लावलेला नाही. शाळेत असताना एकदा चेंडू येऊन त्यांच्या तोंडावर बसला होता, तेवढीच त्या दोघांची ओळख. तरीसुद्धा गेली दोन वर्षं, सातासमुद्रापलीकडचा कुठला खेळाडू शनिवारी मैदानात उतरणार आणि कुठला कडेच्या बाकावर बसून नखं खाणार, हे आमच्या बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीत ठरत होतं. मी त्याच खोलीत केर काढत असायची, म्हणून खात्रीने सांगते.

हे बुटांच्या दुकानात कामाला आहेत. एकतीस वर्षं झाली. दुकान मोठं, काचेचं. ह्यांची जागा एका बुटक्या, पुढून उतरत्या स्टुलावर. गिऱ्हाईक गुबगुबीत खुर्चीत बसतं आणि पाय त्या उतारावर ठेवतं. मग हे पाय मापायची लोखंडी पट्टी काढतात, टाच मागे टेकवतात, सरकती पट्टी अंगठ्याला भिडवतात, आकडा बघतात आणि मागच्या कपाटातून खोका आणतात. बूट चढवला, नाडी बांधली, की शेवटचं काम. आपल्या हाताचा अंगठा बुटाच्या टोकावर दाबायचा आणि आत गिऱ्हाइकाच्या पायाचा अंगठा कुठे आलाय ते चाचपायचं. पुढे अर्ध्या बोटाची जागा हवी. एकतीस वर्षं, दिवसाला पन्नास-साठ वेळा, अंगठ्यावर अंगठा. ह्यांचा उजवा अंगठा त्यापायी पुढून चपटा झालाय.

बरं, एवढं करून ह्यांच्याकडे कुणी बघत नाही. गिऱ्हाईक बघतं ते जमिनीलगतच्या तिरक्या आरशात, स्वतःच्या पायांकडे. ह्यांचं दिसतं ते फक्त डोकं, तेही वरून. ह्यांना टक्कल पडतंय हे माझ्याआधी निम्म्या गावाला कळलं होतं.

दुकानात त्यांचा एक नियम आहे. गिऱ्हाइकाचा पाय कधी चुकत नाही, चुकतो तो बूट. जवळजवळ प्रत्येकाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असतो म्हणे. कुणाचा तळवा सपाट, कुणाचं बोट वाकडं. ते तोंडाने काढायचं नाही. "हा जोड जरा बिघडलेला आलाय, दुसरा दाखवतो," म्हणून मागे जायचं, तोच जोड घ्यायचा, आतल्या अस्तराखाली चामड्याचा तुकडा बसवायचा, तुकड्याच्या पालथ्या बाजूला पेन्सिलने तारीख टाकायची आणि बाहेर यायचं. गिऱ्हाईक पाय आपटून म्हणतं, "हां, हा बघा कसा बसला." हे म्हणतात, "हो, हा चांगला आहे." तारीख कशाला, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, "तुकडा दबतो. माणूस परत आला तर किती दिवस टिकला ते कळायला नको?"

लग्न झालं तेव्हा मला ह्या नियमाचं फार कौतुक वाटलं होतं. पुढे लक्षात आलं, की हा मनुष्य घरीही तसाच आहे. भाजीत मीठ दुप्पट पडलं तरी ह्यांच्या तोंडून शब्द निघत नाही, फक्त पाण्याचे पेले रिकामे होत जातात. सत्तावीस वर्षं मी पेले मोजून स्वयंपाक शिकले.

आता ह्यात फुटबॉल कुठून आला, ते सांगते. दुकानाच्या मॅनेजरने मोबाइलवरचा एक खेळ सुरू केला. घरबसल्या आपण अकरा खऱ्या खेळाडूंचा एक संघ मांडायचा. ते तिकडे खरे पळतात, गोल करतात, आणि त्याचे गुण इकडे आपल्या नावावर. एकाला कॅप्टन करायचं, त्याचे गुण दुप्पट. प्रत्येक खेळाडूला किंमत, आणि ती भाजीसारखी रोज वर-खाली. कोणी लंगडला की लोक त्याला काढून टाकतात, भाव पडतो. आणि जो मैदानात उतरलाच नाही त्याचा भोपळा. म्हणजे पळायचं दुसऱ्याने, घाम गाळायचा दुसऱ्याने, आणि रविवारी दमून पडायचं ह्यांनी.

खेळायला आठ जण हवे होते. सात जमले. मॅनेजर होता, दुकानासमोरच्या दवाखान्यातले दाताचे डॉक्टर होते, माझा धाकटा भाऊ तर अशा ठिकाणी असतोच. आठवे म्हणून ह्यांना भरतीला घेतलं. मोबाइलवर आठ जणांचा गट झाला, नाव ठेवलं 'पायगुण'. पहिले तीन महिने हे शेवटून पहिले होते.

मग एक दिवस दुकानातल्या टीव्हीवर सामना लागला होता. मॅनेजरचा कॅप्टन, कुठलासा फार महागडा खेळाडू, वळताना कृत्रिम गवतावर अडकला आणि लंगडत बाहेर गेला. टीव्हीवरचे लोक म्हणाले, किरकोळ आहे, पुढच्या शनिवारी खेळेल. हे खाली एका बाईंच्या पायात बूट चढवत होते. मान वर करून एकदा बघितलं आणि म्हणाले, "हा महिनाभर उभा राहत नाही."

"का हो?" मॅनेजरने विचारलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा दुकानात कुणी ह्यांना "का हो" विचारलं असेल.

"बाहेरच्या कडेवर चालतोय. टाच उचलताना अंगठा वाकवत नाही. अंगठ्याखालची दोरी तुटलीय त्याची."

तो खेळाडू पाच आठवडे घरी बसला.

झालं. वासरांत लंगडी गाय शहाणी, आणि इथे तर सगळाच व्यवहार लंगडण्याचा. पुढच्या आठवड्यात भावाने विचारलं, त्याच्या पुढच्या आठवड्यात सगळ्यांनी. ह्यांची पोथी तयार झाली. लचक तीन पायऱ्यांची. पहिलीत दोरी नुसती ताणते, आठ दिवसांत माणूस पळतो. दुसरीत अर्धी तुटते, दोन-तीन आठवडे गेले. तिसरीत पुरती तुटते, मग महिने मोजा. "अंगठा म्हणजे शेवटचा धक्का," हे जेवताना मला सांगायचे. "पळताना, वळताना, उडी मारताना माणूस जमिनीला शेवटचं ढकलतो ते अंगठ्याने. तो दुखला, की माणूस दिसायला अख्खा आणि भावाला निम्मा. त्यावर इलाज एकच, अंगठा वाकू द्यायचा नाही. बुटात कडक तळ घालायचा."

"पोळी वाढू?" मी विचारायची.

मॅनेजरने आपल्या केबिनमधली फिरती खुर्ची काढून ह्यांच्यासाठी बाहेर ठेवली. दुपारच्या सुट्टीत हे त्या खुर्चीत बसायचे आणि दाताचे डॉक्टर समोर उभे राहायचे. माझ्या भावाने ह्यांचं नाव ठेवलं अंगठेबहाद्दर. आता अंगठेबहाद्दर म्हणजे ज्याला सही करता येत नाही तो. ह्यांचं अक्षर मोत्यासारखं आहे. पण नावाचा काडीचा राग आला नाही, उलट भावाला दुसरा कप चहा मिळाला.

घरी सामना थांबवायचा, मागे न्यायचा, पुन्हा लावायचा. पडद्याला नाक लावून कुणाची टाच किती उचलली ते बघायचं. बावीस परक्या माणसांचे चव्वेचाळीस पाय ह्यांना तोंडपाठ. आणि घरात दोन पाय होते, माझे.

मी इस्पितळात कपडेघर सांभाळते. चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे गाऊन. मळलेले उतरवून घ्यायचे, धुतलेले मोजून वर पाठवायचे. सहा तारखेला, मंगळवारी, ओल्या चादरींची ट्रॉली चढावर नेत होते. मागचा पाय टेकून, टाच वर, सगळा जोर उजव्या अंगठ्यावर. फरशी ओली होती. पाय सरकला, ट्रॉली मागे आली आणि अंगठा उलटा दुमडला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. हाडाचे डॉक्टर तिथूनच चालले होते. त्यांनी पाय बघितला, म्हणाले, "मोडलेला नाही, लचकलाय. दोन बोटं पट्टीने बांधा आणि जपा."

घरी आले ती बाहेरच्या कडेवर चालत. टाच उचलताना अंगठा न वाकवता. म्हणजे अगदी पोथीत लिहिल्याप्रमाणे. हे टीव्हीसमोर होते. मी मुद्दाम त्यांच्या आणि टीव्हीच्या मधून एकदा गेले. पाणी घ्यायला दुसऱ्यांदा गेले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा ह्यांनी मान वाकडी केली आणि म्हणाले, "जरा बाजूला."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती मी त्या दिवशी शब्दशः अनुभवली. ठरवलं, आता तोंडाने सांगायचं नाही. बघू, जगाचे अंगठे ओळखणाऱ्याला घरचा दिसतो का.

नुसता रुसवा नव्हता तो, हेही सांगते. आमच्या इस्पितळाची दुसऱ्या गावात नवी शाखा निघत होती. तिथलं कपडेघर उभं करायला दोन वर्षांसाठी कुणीतरी जायचं होतं. राहायला खोली, हाताखाली सहा माणसं. मला दोनदा विचारलं होतं आणि मी दोनदा ह्यांच्यासाठी नाही म्हटलं होतं. अर्जाची शेवटची तारीख तीस. मंगळवारी रात्री जेवणं झाल्यावर मी तो अर्ज भरला, फक्त सही सोडली, आणि कपाटाच्या खणात रुमालांखाली ठेवला. ताईला फोन करून सांगितलं, तीस तारखेपर्यंत ह्यांना माझा पाय दिसला तर कागद फाडणार, नाही दिसला तर सही करून देणार.

"अगं, सांगून टाक ना सरळ," ताई म्हणाली.

"सांगितल्यावर कुणालाही दिसतं."

"तुम्ही दोघं एका माळेचे मणी आहात," असं म्हणून तिने फोन ठेवला. मला ते तेव्हा पटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी कामावर गेले. कामावरचे माझे काळे बंद बूट. दरवर्षी हेच आणून देतात आणि रोज सकाळी मी आंघोळीला गेले की त्यांना पॉलिश करतात. ती त्यांची सवय, पाय घराबाहेर पडायच्या आधी चकचकीत हवेत. नवल म्हणजे बूट घातल्यावर वाटलं होतं तेवढं दुखलं नाही. घरी अनवाणी चालले की कळ जायची. मी मनाशी म्हटलं, बाईची जात, सोसायची सवय असते. माझं मलाच कौतुक वाटलं.

त्याच आठवड्यात ह्यांनी दुकानातलं एक जुनं उतरतं स्टूल आणून स्वयंपाकघरात ओट्याखाली टाकलं. मी त्याला अडखळले. "हे काय लोढणं आणलंत? दुकान कमी पडलं का?" मी ओरडले. "असू दे गं तिथे," म्हणाले आणि बाहेर गेले. मला राग आला, पण भाजी चिरताना पाय ठेवायला ते बरं पडत होतं, म्हणून हलवलं नाही.

दिवस मोजत होते. दहा तारीख गेली, सतरा गेली. ह्यांचा मुक्काम टीव्हीतच. खेळाचा हंगाम संपत आला होता. 'पायगुण'मध्ये हे पहिले, दाताचे डॉक्टर चार गुणांनी मागे. जिंकणाऱ्याला मॅनेजर सोनेरी मुलामा दिलेला बूट देणार होता, तो दुकानाच्या दर्शनी काचेत मांडूनही झाला होता. खाली पाटीवर नाव कोरायची जागा. हे रोज फडकं घेऊन ती काच पुसायचे. काच पुसणं ह्यांचं काम नाही, तरी पुसायचे.

शेवटचा शनिवार चोवीस तारखेला. गुरुवारी पेपरात छापून आलं: अमुक गोलकीपरचा अंगठा दुखावला. हा गोलकीपर सगळ्यांत महाग आणि आठांपैकी सात जणांच्या संघात. गटात कल्लोळ उडाला. ठेवायचा की विकायचा? शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत संघ पक्का करायचा होता.

ह्यांनी पेपर टेबलावर पसरला. बातमीबरोबर फोटो होता. गोलकीपर सरावाच्या मैदानावर उभा, अंगात जाड जॅकेट, दोन्ही हात खिशात. ह्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि दहा मिनिटं त्याचे बूट न्याहाळले. "हे बघ," मला म्हणाले, "डावा पाय जरा बाहेर टाकलाय. पहिल्या पायरीची लचक. कडक तळ घालून शनिवारी उभा राहतो की नाही बघ."

मी तेव्हा टेबलाला धरून एका पायावर उभी होते. म्हटलं, "तुम्हाला बरं सगळं दिसतं."

गटात ह्यांनी लिहिलं: कुणी विकू नका. जग विकतंय, भाव पडलाय, नसेल त्याने घ्या. आणि बाकीचे घाबरलेत तोवर त्यालाच कॅप्टन करा.

सगळ्यांनी होकार भरले. फक्त दाताच्या डॉक्टरांनी विचारलं, "कुठला अंगठा?"

त्यावर दुकानात काय हशा पिकला म्हणतात. मॅनेजरने लिहिलं, "डॉक्टर, फुटबॉल आहे हा, हाताने नाही खेळत." माझ्या भावाने लिहिलं, "दात दुखला की तुम्हाला विचारू." हे नुसते हसले. एकतीस वर्षं ज्या माणसाने अंगठा म्हणजे पायाचाच पाहिला, त्याला हाताला अंगठा असतो हे आठवावं कुणी? तेही गोलकीपरच्या बाबतीत, जो अकरा जणांत एकटाच हाताने खेळतो.

शनिवारी दुपारी सामना सुरू झाला. गोलमध्ये कुणी भलताच उभा. मग कॅमेरा प्रेक्षकांकडे वळला. आपला गोलकीपर तिथे बसला होता, पाय पसरून, अगदी आरामात, आणि उजवा हात मनगटापर्यंत पांढऱ्या पट्टीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा त्याने तो हात वर केला. साऱ्या जगासमोर त्याने आमच्या ह्यांना अंगठा दाखवला.

हे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "हाताचा होता."

डॉक्टरांनी गोलकीपर विकला होता. सोनेरी बूट दात उपटणाऱ्याकडे गेला. बाकी सातही जणांचे भोपळे, तेही दुप्पट, आणि शून्याची दुप्पट किती ते मॅनेजरने गटात लिहून दाखवलं. मग अंगठ्याची चित्रं यायला लागली. उभे अंगठे, आडवे अंगठे, उलटे अंगठे. मी मोजली, एकेचाळीस होती. अंगठेबहाद्दर हे नाव त्या दिवशी पुन्हा जुन्या अर्थाने सुरू झालं. सोमवारी फिरती खुर्ची केबिनमध्ये परत गेली आणि हे बुटक्या स्टुलावर. लोकांना पुन्हा फक्त टक्कल दिसायला लागलं.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. दोन वर्षं मी त्यांची टिंगल केली, पण ती खुर्ची त्यांना आवडत होती हे मला ठाऊक होतं. घरी टीव्ही बंद. हे खिडकीशी बसून राहायचे. एकीकडे मला रडू यायचं, आणि दुसरीकडे मनात यायचं, आता तरी. आता तर मधे टीव्हीही नाही. एकोणतीस तारखेला मी त्यांच्यासमोरून अनवाणी, सावकाश, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालले. हे फरशीकडेच बघत होते.

तीस तारखेला सकाळी मी अर्जावर सही केली आणि पर्समध्ये टाकला.

कार्यालयाची खिडकी पाचला बंद होते. चारच्या सुमारास अर्ज घेऊन निघाले, तर वाटेत हाडाचे डॉक्टर भेटले. "तुम्ही तर छान चालताय," ते म्हणाले. "मी म्हटलं होतं त्याहून लवकर. काय केलंत?"

"काही नाही. सोसलं."

"नुसतं सोसून अंगठा असा सुधारत नाही. बूट बघू?"

मी बाकावर बसून उजवा बूट काढून दिला. त्यांनी आत हात घातला, अस्तर उचललं आणि खालून एक पट्टी बाहेर काढली. कडक चामडं, टाचेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंत, कडा तासून गुळगुळीत केलेल्या. जिथे माझा अंगठा येतो तिथे वरून मऊ कापडाचा तुकडा चिकटवलेला. डॉक्टरांनी ती वाकवून बघितली, वाकेना. "हे फार नीट केलंय," ते म्हणाले. "कुणाकडून करून घेतलंत?"

मी डावा बूट काढला. त्यातही तेवढ्याच जाडीची पट्टी होती, साधी. एक पाय उंच वाटू नये म्हणून.

उजवी पट्टी पालथी केली. पेन्सिलने तीन तारखा होत्या, मोत्यासारख्या अक्षरात. सात, चौदा, एकवीस. पहिल्या दोन खोडलेल्या. दर आठवड्याला पट्टी काढून, तासून, थोडी कमी कडक करून परत बसवली होती. सात तारीख म्हणजे बुधवार. माझा अंगठा लचकला त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ, मी आंघोळीला गेलेली असताना.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझा कळसा तर पायाखाली होता, आणि मी त्यावर चोवीस दिवस चालत होते. ओट्याखालचं स्टूलही तेव्हाच डोक्यात उजेड पाडून गेलं. मी कपडेघरात परत आले, धुतलेल्या चादरींच्या चळतीमागे उभी राहिले आणि पोटभर रडले. पाच वाजून गेले.

घरी गेले तर हे आधीच आलेले. अर्धी रजा टाकली होती. टेबलावर बुटांचा एक नवा खोका होता.

"कागद दिलास?" ह्यांनी विचारलं.

"कुठला कागद?"

"रुमालांखालचा."

मी पर्स तशीच हातात धरून उभी राहिले. "कधी बघितलात?"

"दोन रविवार झाले. रुमाल घ्यायला गेलो होतो."

"आणि बोलला नाहीत."

"तू बोलली नाहीस. म्हटलं, तुला जायचं असेल." मग खोका पुढे सरकवत म्हणाले, "तिकडची इमारत नवी आहे, फरशी गुळगुळीत असणार. ह्याला खाली रबर आहे, सरकत नाही. आत पट्टी घातलीय. अजून महिनाभर राहू दे, मग काढून टाक."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी तो खोका त्यांच्या डोक्यात घालावा असंही वाटलं. बायको निघून चाललीय म्हटल्यावर ह्या माणसाने काय केलं, तर तिच्या मापाचे बूट आणले.

"पाय कधी कळला तुम्हाला?"

"मंगळवारीच. दारातून आत आलीस तेव्हा."

"मग 'जरा बाजूला' का म्हणालात?"

ह्यांनी विचार केला. खोटं बोलायची चांगली संधी होती. "तो उजवीकडचा पळत होता," ते म्हणाले.

मी खुर्चीत बसले. "आणा तुमचं स्टूल," म्हटलं. ओट्याखालचं स्टूल आणून हे समोर बसले. मी पाय उतारावर ठेवला. त्यांनी नवा बूट चढवला, नाडी बांधली आणि सवयीने टोकावर अंगठा दाबला. पुढे बरोबर अर्ध्या बोटाची जागा होती, ते मलाही आतून कळत होतं.

"बसला," हे म्हणाले.

"नाही बसला. चावतोय."

"कुठे?"

"सगळीकडे."

त्यांनी पुन्हा दाबून बघितलं. मग बाजूने, मग टाचेशी. मग त्यांनी मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. मी म्हटलं, "बघता काय? गिऱ्हाइकाचा पाय कधी चुकत नाही. मला नको हे बूट. हे घालून मला कुठे जायचं नाहीये."

बराच वेळ ते नाडीची गाठ सोडत बसले. गाठ साधीच होती.

"उद्या परत करतो," म्हणाले.

"आणि पुढच्या वेळी तोंडाने सांगा."

"तूसुद्धा."

मग त्यांनी माझा जुना काळा बूट जवळ ओढला, आतली पट्टी काढली, कड थोडी तासली, खिशातून पेन्सिल काढून एकवीस खोडली, तीस लिहिली आणि पट्टी परत आत बसवली.